शेळ्यांनी राखलेली कोरांटी

शाहजादीला कुणी ‘हे तुला जमायचं नाही’ म्हटलं, की ते काम झालंच म्हणून समजावं. सतराव्या वर्षी लग्न होऊन ती भूगावच्या वरच्या वस्तीवर आली, तेव्हा सासूनं पहिल्याच दिवशी सांगितलं, मुलाण्यांच्या सुना खाणीवर जात नाहीत. आठव्या दिवशी ही नवऱ्यामागं खाणीवर हजर. बाबालाल दगड फोडायचा, ती शेजारी बसून खडी फोडायची. सासू महिनाभर बोलली नाही. सुनेनंही मनावर घेतलं नाही.

पुढं बाबालालच्या कमरेनं दगा दिला. लोक म्हणाले, आता मुलाण्याचं घर बसलं. शाहजादीनं कानातलं मोडलं आणि दोन शेळ्या आणल्या. दोनाच्या अकरा झाल्या. त्या शेळ्यांवर फराज शिकला, त्याच शेळ्यांवर त्याची पहिली गाडी आली आणि तो हिंजवडीच्या कंपन्यांमधल्या लोकांची ने-आण करू लागला. नाव शाहजादी आणि हातात शेळ्यांची काठी, म्हणून कुणी चिडवलं तर ती म्हणायची, “अकरा जणींवर राज्य हाय माझं. तुझं कुणावर हाय, सांग की.”

तर अशा या बाईची वाट एका चैत्रात बंद झाली.

वस्तीवरून डोंगरावर जायला एकच पायवाट होती. खालची शेतं विकली गेली, तिथं चार इमारतींची ‘गिरिछाया’ सोसायटी उभी राहिली आणि पायवाट सोसायटीच्या गेटाच्या आत सापडली. चार-पाच वर्षं वॉचमन शेळ्या सोडत होता, कुणाचं काही म्हणणं नव्हतं. मग नवी कमिटी आली. तिनं मागच्या फाटकाला कुलूप लावलं आणि पुढच्या गेटावर पाटी लावली, आतून जनावरे नेण्यास मनाई. डोंगराला वळसा घालून जायचं तर डंपरांचा रस्ता. त्या रस्त्यानं अकरा शेळ्या नेणं म्हणजे रोज एक कमी करणं. वाट नाही तर चारा नाही आणि चारा नाही तर शेळ्या नाहीत, इतका सरळ हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाहजादी सोसायटीच्या ऑफिसात गेली. अध्यक्ष साधनाताई, बँकेतून निवृत्त झालेल्या, चष्मा नाकावर, वही पुढ्यात. बाई वाईट नव्हत्या. शिस्तीच्या होत्या, आणि शिस्तीची माणसं समजवायला जास्त अवघड असतात.

“शाहजादीबाई, माझं तुमच्याशी वैर नाही,” त्या म्हणाल्या. “पण लोकांनी इथं घरं घेतली आहेत ती लेंड्या चुकवत चालायला नाही.”

“वाट तुमच्या आधीची हाय.”

“असेल. कागदावर नाही.”

ऑफिसात तेव्हा कमिटीच्या तीन-चार सभासदांबरोबर किशोरही बसला होता. चांदे गावचा हा पोरगा सोसायटीच्या बागेचं कंत्राट सांभाळायचा आणि त्या दिवशी त्याचीही खरडपट्टी चालली होती. कारण गेटातून आत शिरलं की उजव्या हाताला एक मोठा उघडा कातळ होता. बिल्डरनं फ्लॅट विकताना त्याला छापील पत्रकात ‘रॉक गार्डन’ म्हटलं होतं. प्रत्यक्षात तिथं रॉक होता, गार्डन नव्हतं. किशोरनं तीन वर्षांत त्यावर माती टाकून पाहिली, ती पावसानं वाहून गेली. लॉन लावलं, ते टँकरचं पाणी पिऊन पिवळं पडलं. बाहेरून आणलेली रोपं कुंड्यांसकट मेली. दगडाला पाझर फुटेल, पण या कातळाला पान फुटायचं नाही, असं आता सगळेच धरून चालले होते.

शाहजादीनं खिडकीतून कातळाकडं पाहिलं. “त्या खडकाला मी फुलं आणून दाखवते. उनाळ्यात थेंबभर पानी न घालता. मग वाट द्याल?”

किशोर हसला. “कशाची फुलं, चाची?”

“कोरांटीची.”

आता सगळेच हसले. कोरांटी! कुंपणाची, काटेरी, कुणी न लावता उगवणारी. ना वास, ना भाव. एक सभासद म्हणाले, दारात काटेरी झाड असलं की घरात भांडणं होतात, वास्तुशास्त्र आहे.

“भांडान तर काटे नसतानाच सुरू झालंय,” शाहजादी म्हणाली.

साधनाताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी वही उघडली आणि लिहिलं. दोन पावसाळ्यांची मुदत. तोवर सकाळी नऊ ते दहाच्या वेळेत शेळ्या आतून जातील. दुसऱ्या वर्षीच्या कार्तिकात कातळ फुलला तर वाट कायमची, नाही फुलला तर वाटेचं नाव काढायचं नाही. खाली सही केली आणि वही फिरवली. शाहजादीनंही सही केली, चांगली ठसठशीत. अंगठा लावेल म्हणून किशोरनं शाईची डबी पुढं केली होती, ती त्याला परत घ्यावी लागली.

कोरांटीचं बी ती फाल्गुनातच गोळा करून ठेवत असे. दातांच्या दुखण्यावर पाला, खोकल्यावर काढा, कोरांटी घरात लागतेच, म्हणून परसात पेरायला बी हवं. त्या बियांचा एक गुण तिला ठाऊक होता. ओलं झालं की बियांच्या अंगावरची लव चिकट होते आणि बी दगडाला असं धरतं की वाहून जात नाही. प्रश्न होता तो बी कुठल्या भेगेत दाबायचं एवढाच, आणि तो सोडवणं बाबालालचं काम होतं.

कमरेला पट्टा बांधून तो कातळावर आला. तीस वर्षं दगड फोडलेला माणूस. त्याला वाकता येत नव्हतं, म्हणून उभ्यानं पहार आपटत तो चालायचा आणि आवाज ऐकायचा.

“हितं भेग उथळ हाय. सोड. हितं बघ, आवाज खाली जातुया. हितं आत मुरूम हाय, ओल धरंल.”

तो खुणेला पहार टेकवायचा, ती तिथं बसून भेगेत मुरूम चेपायची, वर बी दाबायची. कुठं हिरव्या फांदीची कांडी खोचायची. अशी दोघांनी पाच सकाळी मिळून दोनशेच्या वर ठिकाणं धरली. खाणीवर असताना दोघं असंच काम करायची, तो वर आणि ती खाली. बाबालालला बऱ्याच वर्षांनी आपण कामाचे आहोत असं वाटलं आणि ते त्यानं बायकोला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, “बोलू नगंस, ठोक.” पण तिला बरं वाटलं.

लावण झाली, पाऊस होऊन गेला, बोटभर रोपं भेगाभेगांतून वर आली. माघात किशोरचा माणूस पाइप घेऊन आला. शाहजादी सरळ पाइपावर उभी राहिली.

“पानी न्हाई घालायचं.”

“अगं चाची, मरतील ती!” किशोर धावत आला. “बरं, थोडं खत तरी टाकू?”

“खत न्हाई.”

“माती?”

“माती न्हाई.”

“मग टाकू तरी काय?”

“हात खिशात टाक,” ती म्हणाली.

लाड केले की कोरांटी सोकावते, मुळं वरच पसरते आणि पहिल्या उन्हाला मान टाकते, हे तिनं आयुष्यभर पाहिलं होतं. कोरडी ठेवली की मूळ भेगेतून खाली उतरतं. त्या वैशाखात टँकर चार-चार दिवस आले नाहीत. सोसायटीचं लॉन पोत्यासारखं झालं, डोंगरावरचं गवत वाळून करडं पडलं, आणि कातळावर मात्र कोरांटी हिरवी होती. वीतभरच, पण हिरवीगार. आधी हसलेले लोक आता येता-जाता फोटो काढू लागले. दारातल्या काट्यांमुळं अजून कुणाचं भांडण झालं नव्हतं. शाहजादी रोज नऊ वाजता शेळ्या घेऊन जाताना कातळाकडं बघायची आणि पुढं व्हायची. तिला आनंद झाला होता, पण तो सोसायटीला दाखवायची तिची तयारी नव्हती.

मग दुसरा पावसाळा आला आणि घोळ झाला.

पावसात कोरांटी माजली. श्रावणात मांडीला लागली, कोवळी, लुसलुशीत, काटे अजून मऊ. लोक खूश. शाहजादी मात्र अस्वस्थ. हीच वेळ होती. काटे कडक व्हायच्या आत शेंडे गेले नाहीत तर कोरांटी नुसती उंच होते, खालून उघडी पडते, वाऱ्यानं लवंडते. कातळावर तिला बसवायचं असतं. आणि ती कशानं बसते हे डोंगरावर उघड दिसतं. जिथून शेळ्या जातात तिथं कोरांटी जमिनीलगत पसरून गच्च फुललेली असते. जिथं शेळीचं तोंड पोचत नाही तिथं ती काठीसारखी उभी. शेळी शेंडा खाते, बुडापासून चार फांद्या फुटतात. विळ्यानं कापलं तर तसं होत नाही, असं तिचं ठाम मत होतं. विळा सगळं एका रेषेत कापतो. शेळी इथं एक घास घेते, तिथं एक सोडते.

हे सगळं तिनं साधनाताईंना आधी सांगायला हवं होतं. पण जाऊन समजावणं, परवानगी मागणं हे तिच्या रक्तातच नव्हतं. काम करावं, झालं की दिसतंच, असा तिचा खाक्या. एका सकाळी तिनं चांदी नावाची पुढारी शेळी कातळावर चढवली आणि तिच्यामागं बाकीच्या दहा.

पंधरा मिनिटांत बाल्कन्या भरल्या. कुणीतरी व्हिडिओ काढला, सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. ‘रॉक गार्डनची वाट लावली.’ ‘मी आधीच म्हणालो होतो.’ ‘असल्या लोकांवर विश्वास ठेवल्यावर दुसरं काय होणार.’ उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना त्या दिवशी खऱ्याखुऱ्या शेळ्या सापडल्या होत्या. साधनाताई खाली धावत आल्या तेव्हा कातळावरच्या कोरांटीचे तीन भाग धरले तर दोन खाऊन झाले होते, एक राहिला होता.

“काय केलंत हे? तुमच्याच हातानं?”

“शेळ्यांच्या तोंडानं,” शाहजादी म्हणाली. “कार्तिकात बगा.”

“कार्तिकात काय बघायचं? खोडं?”

“कार्तिकात बगा,” ती पुन्हा एवढंच म्हणाली.

संध्याकाळी मागच्या फाटकाला नवं कुलूप लागलं आणि पुढच्या गेटावर वॉचमनला शेळ्या न सोडण्याची ताकीद मिळाली.

तीन महिने शाहजादीनं रस्त्याकडेचा पाला डोक्यावर वाहिला. पुरेना. दोन पाठी, म्हणजे तरण्या शेळ्या, विकाव्या लागल्या, नऊ उरल्या. फाटकाशी जाऊन चांदी रोज उभी राहायची आणि तिला ओढून आणावं लागायचं. शाहजादीला वाईट वाटायचं, पण खरा घाव घरातूनच बसला.

फराज एकदा जेवताना म्हणाला, “अम्मी, माझी निम्मी गिऱ्हाइकं त्याच सोसायटीतली हायेत. त्यो व्हिडिओ समद्यांनी बघितलाय. मला मान खाली घालून जावं लागतंय.”

“मान खाली घालायला मी चोरी केली काय?”

“शेळ्या विकून टाक ना. सोसायटीच्या साधना मॅडम तुला झाडलोटीचं काम देते म्हनल्यात. सावलीतलं काम हाय.”

तिनं हातातला घास ताटात ठेवला. ज्या शेळ्यांनी याला शिकवलं त्या याला नकोशा झाल्या, हे कुलपापेक्षा जास्त झोंबलं. ती त्याच्याशी बोलली नाही. चार दिवस, आठ दिवस, पुढं महिना गेला. फराजही आईवरच गेलेला, तोही बोलला नाही. बाबालाल दोघांच्या मध्ये बसून एकटाच दोन्हीकडचं बोलायचा.

इकडं अश्विनात कातळावर गंमत सुरू झाली होती. शेळ्यांच्या तोंडून वाचलेला तिसरा भाग छातीला लागला. खाली नुसत्या काड्या, वर काटे. पार्किंगमधल्या गाड्यांना ओरखडे पडू लागले, चेंडू आणायला गेलेल्या मुलांचे हात फाटू लागले. किशोरनं मोठी कात्री आणली, दोन माणसं लावली. त्यांचे हात रक्तानं माखले, पण त्यांनी तो तुकडा डोक्यावरून सरळ तासला. अश्विनात कोरांटीच्या कळ्या शेंड्यांमध्ये बसलेल्या असतात, हे किशोरला कुणी सांगितलं नव्हतं. कळ्या सगळ्या कचऱ्याच्या गाडीत गेल्या.

आणि कार्तिक आला. जो भाग शेळ्यांनी खाल्ला होता तो गुडघ्याच्याही खाली बसलेला, दगडाला घट्ट बिलगलेला, आणि त्यावर पिवळं फूल मावत नव्हतं. भेगेभेगेतून, उतारावरून, कडेवरून नुसती पिवळी कोरांटी. मधमाश्यांचा गुंजारव गेटापर्यंत ऐकू यायचा. तिसरा भाग शेजारीच उभा होता, टक्कल पडल्यासारखा, एक फूल नाही. कातळ एकच, बी एकच, पाऊस एकच. फरक कशानं पडला हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. सोसायटीतल्या बायका सकाळी फुलं तोडायला येऊ लागल्या. वास्तुशास्त्रवाले गृहस्थही देवासाठी चार नेताना दिसले.

एका दुपारी साधनाताई वस्तीवर आल्या. पहिल्यांदाच. बाबालालनं खाट झटकून दिली, चहा ठेवला. शाहजादी शेळ्यांना पाला टाकत होती, ती टाकत राहिली.

“शाहजादीबाई, कमिटीचं ठरलंय,” साधनाताई म्हणाल्या. “बागेचं काम तुम्ही बघा. दरमहा पगार. छाटणी हातानं करा, हवी तेवढी माणसं देऊ. फक्त शेळ्या नकोत.”

“पगार नको. वाट पायजे.”

“ऐका तरी. पगार चांगला आहे.”

“हातानं छाटून बगितली ना किशोरनं? मग? अन् पुढल्या पावसाळ्यात शेळ्यांनी न्हाई चरली, तर समदी कोरांटी तुमच्या खांद्याला लागंल. मंग कात्री आना, न्हाईतर जेसीबी आना.”

साधनाताईंनी कपाला हात लावला नाही. चहा निवला. मग त्यांनी पिशवीतून दुसरा तोडगा काढावा तसं सांगितलं, मागचं फाटक उघडू, पण पहाटे पाचला, म्हणजे कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही.

शाहजादीनं हातातला पाला टाकला आणि समोर येऊन उभी राहिली. “मी काय चोरी करायला चाललीया? पाचला जनावर चरत न्हाई, पाल्यावर दव असतंय, पोट फुगतंय. तुमच्या वहीत नऊ ते दहा लिवलंय. फुलला तर कायमचं लिवलंय. तुमची सही हाय, माजी बी हाय. कातळ फुलला का न्हाई फुलला, तेवढं सांगा.”

साधनाताईंनी पिशवी मांडीवर ओढली. बाबालालला वाटलं, आता बाई उठून जातात.

“फुलला,” साधनाताई म्हणाल्या. “आणि त्या दिवशी मी तुम्हाला विचारायला हवं होतं. न विचारता कुलूप लावलं. चूक झाली माझी.”

“व्हय. झाली,” शाहजादी म्हणाली. तिनं उगीच ‘असू द्या’ वगैरे म्हटलं नाही. पण निवलेला चहा उचलून चुलीवर परत गरम करायला ठेवला.

त्या गेल्यावर बाबालाल म्हणाला, “खरं सांग, तुला पयल्यापासनं ठावं हुतं ना? शेळ्यांबिगर ही कोरांटी बसायची न्हाई, म्हंजी त्येंना तुला बोलवावंच लागंल?”

“मला कोरांटी ठावी हाय,” ती म्हणाली. “मानसं कुटं ठावी हायेत? ती तर घरातली बी कळंनात.”

सोमवारी सकाळी नऊला शाहजादी नऊ शेळ्या घेऊन पुढच्या गेटाशी आली. कामावर जायची वेळ, आत-बाहेर गाड्यांची रांग. वॉचमन गोंधळला, गेट ओढून घेऊन थांबा म्हणून हात करू लागला. तेवढ्यात साधनाताई स्वतः आल्या. त्यांनी गेटाचं एक दार उघडलं आणि दुसऱ्या हातानं बाहेर निघालेली रांग थांबवली. दुसरं दार जड होतं, ते त्यांना एकटीला रेटेना.

रांगेत तिसरी गाडी फराजची होती. मागं बसलेल्या गिऱ्हाइकानं घड्याळ बघितलं.

“भैया, हॉर्न मारो ना. मीटिंग है. किसकी बकरियाँ हैं ये?”

फराजनं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

“मेरी अम्मी की,” तो म्हणाला.

दार उघडून तो खाली उतरला, सगळ्या गाड्यांच्या पुढून चालत गेटाशी गेला आणि खांदा लावून दुसरं दार पूर्ण मागं रेटून धरलं. चांदी आत शिरली. तिच्यामागं एकेक करून सात. मग शाहजादी. अडीच महिने ज्याच्याशी शब्द बोलली नव्हती, त्याच्यापाशी ती थांबली. आवाज नेहमीचाच चढा काढला.

“नीट धर,” ती म्हणाली. “मागं एक लंगडती येतीया.”